तवक्कुल कोणाचे, धोका कोणाला?

२०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगाव येथे गोवराची साथ पसरली होती. मुंबईत बालके दगावत होती. त्या दिवसांत जुमाच्या नमाजनंतर एका पित्याने मला विचारले, "मौलाना, तकदीर लिहिलेली असताना लस टोचून घेणे ही तवक्कुलची उणीव नव्हे काय?"

शामच्या वाटेवर प्लेगची वार्ता ऐकून हजरत उमर (रजि.) माघारी फिरले, तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी हाच आक्षेप घेतला होता. अल्लाहच्या एका निर्णयाकडून आपण त्याच्याच दुसऱ्या निर्णयाकडे जात आहोत, असा हजरत उमर यांच्या उत्तराचा आशय होता.

मला मात्र दुसरीच गोष्ट खटकली. तवक्कुल पित्याचे, धोका कोणाला? नियमित लसीकरणात पहिली मात्रा ९ महिने पूर्ण झाल्यावर मिळते, दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. शेजारचे सहा महिन्यांचे तान्हे तोवर उघडेच असते. गोवराचा रोगी खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. आपले मूल आपल्याकडे अमानत आहे; शेजाऱ्याचे मूल तर आपल्या तवक्कुलात सामीलही नाही.

लसीतील जिलेटिनची शंका मी हलकी मानत नाही. हलालची काळजी ईमानातूनच येते. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०१८ साली पुण्यात बनलेल्या गोवर-रुबेला लसीत डुकराचा अंश असल्याचे मानले, तरीही पर्यायाअभावी, निकडीपोटी तिला मुभा दिली.

त्या पित्याने खिशातून मुलीचे लसीकरणाचे कार्ड काढले. दुसऱ्या मात्रेचा रकाना कोरा होता. सोमवारी आम्ही दोघे आरोग्य केंद्रात गेलो.