मेलेल्या ओळीची साक्ष

नेवासे तालुक्यात एका शेतकऱ्याच्या वावरात हरभरा महिन्याचा झाला की माना टाकायचा. दोन वर्षं त्याने पाणी देऊन पाहिलं, पंप पाठीवर घेऊन फवारण्या केल्या. रोपं वाळतच गेली. तिसऱ्या वर्षी वैतागून त्याने एक रोप उपटलं. मूळ वरून चांगलं दिसत होतं. नखाने उभं चिरलं तर आत काळपट रेघ. रोग पानांवर नव्हताच. मर रोगाची बुरशी मातीतून मुळात शिरून रोपाचं पाणी तोडत होती.

ते रोप कागदात गुंडाळून तो राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठात गेला. तिथे मर मुद्दाम जपलेलं एक रान त्याला बघायला मिळालं. वर्षानुवर्षं हरभऱ्यावर हरभरा, मेलेली रोपं त्याच मातीत गाडलेली. नव्या वाणांच्या ओळींमध्ये मधूनमधून जेजी-६२ हा मरीला हमखास बळी पडणारा वाण होता आणि तो ओळीच्या ओळी वाळून उभा होता.

"साहेब, मरणारच ते पेरता कशाला?" त्याने तिथल्या शास्त्रज्ञाला विचारलं.

"काका, हा मेला नाही तर मातीत रोग होता हे कळणार कसं? हा मरतो, त्याच्या शेजारी जो हिरवा राहतो, तो वाण आम्ही पुढे नेतो."

शेतकरी बांधावर बसून राहिला. त्याच्या घरी बियाणं धरायचे ते विहिरीजवळच्या कसदार तुकड्यातलं, टपोरा दाणा बघून. "आम्ही सुखात वाढलेलं बी निवडत आलो," तो म्हणाला, "त्याची परीक्षा कधी झालीच नाही." मला हे बियाण्यापुरतं वाटत नाही. घरात, गावातही आपण टपोऱ्या दाण्यालाच भुलतो.

येताना त्याने 'विजय' आणला. मरीला दाद न देणारा हा वाण राहुरीचाच, १९९३-९४ सालचा. पेरणीआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी चोळली. रोगट तुकड्यात मात्र हरभरा घातला नाही, तिथे ज्वारी पेरली. कारण मर रोगाची बुरशी हरभऱ्यावाचूनही मातीत सहा वर्षांपर्यंत तग धरते.

यंदा तुमच्या हरभऱ्याने माना टाकल्या, तर पंप पाठीवर घेण्याआधी एक रोप उपटा आणि मूळ उभं चिरून पाहा.