उसना चिमटा

मोटारसायकलच्या देहात काही अवयव कौतुकासाठीच जन्माला येतात. टाकीवरच्या सोनेरी रेघेवरून लोक बोट फिरवतात, इंजिनाचा ठोका डोळे मिटून ऐकतात, आरशात जाता जाता केस सारखे करून घेतात. मात्र फ्रेमच्या पोटाशी जोडलेल्या आणि मागच्या चाकाला दोन्ही अंगांनी धरून ठेवणाऱ्या लोखंडी अवयवाकडे, ज्याला कंपनीच्या पुस्तकात स्विंगआर्म आणि गॅरेजात चिमटा म्हणतात, वाकून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. चेनचे ग्रीस, चिखल आणि धूळ यांची पुटे अंगावर वागवत तो आयुष्यभर एकच कर्म करतो: एका आडव्या दांड्याभोवती काही अंश वर जायचे, काही अंश खाली यायचे. प्रवास सुसह्य होण्याचे रहस्य त्या काही अंशांतच दडलेले असते. ज्याच्या असण्याची जाणीव होत नाही तो अवयव निरोगी, ही शरीराविषयीची जुनी समजूत यंत्रालाही लागू पडत असावी.

हा चिमटा मोटारसायकलला जन्मजात लाभलेला नाही. आरंभीची कितीतरी वर्षे मागचे चाक फ्रेमला ताठ जखडलेले असे. खड्ड्यांचा हिशेब थेट बसणाऱ्याच्या मणक्याशी होई आणि सीटखालच्या स्प्रिंगा तेवढी मध्यस्थी करत. रॉयल एन्फिल्डने १९४९ च्या सुमारास मागे स्विंगआर्म असलेली बुलेट विकायला काढली, तेव्हा ती मोठीच नवलाई होती. पुढे १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया स्थापन झाली, इंग्लंडातला मूळ कारखाना कालौघात बंद पडला, आणि ही परदेशी फटफटी आपल्याकडे इतकी रुळली की तिचे माहेर कुठले हे विचारणेही आपण सोडून दिले. ताठपणातच बळ आहे असे मानणाऱ्या यंत्राला एके ठिकाणी सांधा दिला की ते अधिक टिकते, हे उमगायला एवढा काळ का लागावा? कदाचित सांधा म्हटला की झीज आली, आणि जे झिजणार ते आपणहून बांधायचे, याला एक वेगळेच धैर्य लागते.

जयपूर हे जुन्या बुलेटना नवे देह देणाऱ्यांचे शहर आहे. येथल्या राजपुताना कस्टम्सने एन्फिल्डच्या इंजिनांभोवती घडवलेल्या गाड्यांचे नाव देशभर झाले. मला मात्र ओढ आहे ती त्या झळाळीच्या पायाशी असलेल्या दुकानांची. परकोट्याबाहेरच्या, म्हणजे जुन्या शहराच्या तटाबाहेरच्या, गल्ल्यांमध्ये, एका शटरच्या रुंदीत मावणाऱ्या, दारात काळवंडलेले स्टूल आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेली गॅस्किटे असलेल्या. एका मॉडेलचा चिमटा दुसऱ्या मॉडेलला बसवण्याचे काम अशा ठिकाणी निमूटपणे चाललेले असते. कुणाला मागे रुंद टायर हवे असते, कुणाला दोन शॉकअॅब्सॉर्बरऐवजी मध्यभागी एकच हवा असतो, कुणाचा मूळ चिमटा वेल्डिंगजवळ तडकलेला असतो आणि त्याच्या जोडीचा बाजारात मिळत नाही. हौस आणि निकड यांतला फरक दुकानाच्या पायरीपर्यंतच असतो. आत आल्यावर दोघांचेही माप त्याच व्हर्नियरने घेतले जाते.

अशाच एका दुकानात मी एका दुपारी बराच वेळ बसलो होतो. स्टँडवर चढवलेल्या जुन्या बुलेटचे मागचे अंग रिकामे होते आणि खाली गोणपाटावर भंगारातून आणलेला, दुसऱ्याच गाडीचा चौकोनी नळीचा चिमटा पडलेला होता. "पहले बुश, बाक़ी बाद में," एवढेच दुकानाचे उस्ताद म्हणाले आणि त्यांनी चिमट्याच्या आडव्या नळीत बुलेटचा जुना दांडा सरकवला. तो आत गेला खरा, पण सैल. त्यांनी दांड्याचे टोक दोन बोटांत धरून ते वर-खाली हलवले, कान जवळ नेला, आणि आतून आलेल्या टिकटिक आवाजावर मान हलवली. मग फ्रेमच्या दोन कानांमधले अंतर मोजले, चिमट्याच्या नळीची लांबी मोजली. नळी किंचित लांब भरली. पोऱ्याने लगबगीने ग्राइंडर उचलला आणि तो फ्रेमकडे वळणार, तोच उस्तादांनी हात आडवा घातला. जे काही घासायचे ते पाहुण्याचे घासायचे, यजमानाचे नाही, असा त्या आडव्या हाताचा अर्थ होता. नळीच्या टोकांवर खडूच्या दोन खुणा झाल्या आणि चिमटा शेजारच्या लेथवर गेला. तिथे त्याची टोके छिलली जाणार होती आणि दांड्याच्या मापाचे नवे पितळी बुश, म्हणजे दांड्याभोवती घट्ट बसणारी नळकांडी, त्यात ठोकले जाणार होते.

परका अवयव एकटा येत नाही. ज्या देहात तो वाढला त्याची प्रमाणे तो बरोबर आणतो. चिमटा बोटभर लांब असला तर दोन चाकांमधले अंतर वाढते, गाडी सरळ रस्त्यावर अधिक स्थिर होते आणि वळणावर थोडी आळसावते. चेनच्या कड्या वाढवाव्या लागतात. शॉकअॅब्सॉर्बरचे कान पुढे-मागे असले तर तरफेचा हिशेब बदलतो आणि कालपर्यंत मऊ वाटणारी तीच स्प्रिंग आज कठोर किंवा ढिली वाटू लागते. चिमट्याची रुंदी निराळी असल्याने चेनचे मागचे दातेरी चक्र पुढच्या चक्राच्या पातळीतून बाजूला सरकले, तर चेन आपल्या एकाच कडेने झिजत राहते आणि ते दुखणे कित्येक महिने वर दिसत नाही. मागे ड्रम ब्रेक असेल तर त्याची ताणपट्टी कुठे अडकवायची, हा प्रश्न उरतोच. एक भाग बदलावा आणि बाकीचे जिथल्या तिथे राहावे, ही अपेक्षा यंत्र पुरी करत नाही. संसार, संस्था आणि संविधाने ती कितपत पुरी करतात, हे वाचकाने आपल्या अनुभवाशी ताडून पाहावे.

दुसरीकडचा भाग आणून जोडण्याची ही विद्या आपल्या मातीत नवी नाही. कावसजी नावाचा, इंग्रजी फौजेच्या सेवेतला एक गाडीवान १७९२ मध्ये टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळच्या एका कुंभाराने त्याच्या कपाळाच्या कातडीचे नवे नाक घडवले, आणि १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याचा वृत्तांत चित्रासह छापून आला. त्या वृत्तांतातले एक वर्णन मला पुन्हा पुन्हा आठवते. आधी मेणाचे पातळ नाक करून पाहायचे, ते कपाळावर सपाट पसरून त्याभोवती रेघ आखायची, मग कातडी सोडवायची. पण डोळ्यांच्या मधोमध तिचा एक अरुंद पट्टा मुळाशी जोडलेलाच ठेवायचा. कातडी नव्या जागी जीव धरीपर्यंत तिचे रक्त जुन्या जागेवरून येत राहते, आणि सुमारे २५ दिवसांनी तो पट्टा तोडला जातो. त्या कारागिराचे नाव वृत्तांतात नाही. पण त्याला हे ठाऊक होते की उपऱ्याला आपले म्हणायचे असेल तर त्याची मुळे एका दिवसात तोडून चालत नाही.

मग चिमटा बदललेली बुलेट ही तीच बुलेट का? मिलिंद राजाला भिक्षू नागसेनाने रथाविषयी हाच पेच घातला होता. आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का, असे विचारत विचारत त्याने राजाला तिथे आणून सोडले, जिथे रथ हे केवळ एक व्यवहारातले नाव उरते. आपल्या परिवहन कार्यालयाने हा प्रश्न दोन हजार वर्षांनी फारच झटपट सोडवून टाकला: चासी क्रमांक म्हणजे गाडी. चिमट्यावर तसा क्रमांक नसतो, तो अनामिक. तरीही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याने ठरवलेल्या रचनेत मनमानी फेरबदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते अधिक काटेकोरपणे सांगितले आहे, आणि अशा फेरबदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. या कायद्यावर गॅरेजांतून चिडचिड ऐकू येते. मला तो सर्वस्वी अन्यायाचा वाटत नाही. लेथवरच्या कारागिराची चूक भोगणारा बहुधा कोणी तिसराच असतो.

त्या दुकानातून उठून मी जंतरमंतरात गेलो तो सावलीसाठी, पण मनात अजून तो सैल दांडाच टिकटिकत होता. सवाई जयसिंगाने १७२७ मध्ये हे नगर वसवले आणि त्याच सुमारास आकाश मोजण्यासाठी चुन्या-दगडांची ही प्रचंड यंत्रे उभारायला घेतली. पितळी यंत्रे असताना दगडाचा हा खटाटोप का, याचे कारण त्याच्या नावे असलेल्या झीजच्या, म्हणजे ग्रहकोष्टकांच्या ग्रंथाच्या, प्रस्तावनेत दिलेले आहे: पितळी यंत्रे लहान, त्यांचे आस डगमगतात आणि झिजतात, वर्तुळांची केंद्रे जागा सोडतात, पातळ्या ढळतात. परकोट्याबाहेरच्या उस्तादाची तक्रार आणि अठराव्या शतकातल्या राजाची तक्रार शब्दशः एकच असावी, याने मी थबकलो. जयसिंगाने त्यावर काढलेला उपाय राजाला शोभेल असाच होता. झिजणारा सांधाच काढून टाकायचा. यंत्र अचल करायचे आणि हालचाल सूर्यावर सोपवायची. सुमारे २७ मीटर उंचीच्या सम्राट यंत्राची सावली वेळेचे दोन सेकंदांइतके बारीक अंतर दाखवते, कारण त्यात हलणारे असे काही नाहीच. आपल्याला मात्र जायचे असते. ज्याला कुठे जायचे आहे त्याला झिजणारा आस पत्करावाच लागतो, आणि मग त्याची निगा हेच त्याचे ज्योतिष.

पण याच राजाच्या सभेत दुसऱ्या एका सांध्याचे काम चालले होते, आणि ते करणारा पंडित जगन्नाथ हा महाराष्ट्रीय ब्राह्मण होता. युक्लिडची भूमिती नसिरुद्दीन तुसीच्या अरबी पाठावरून त्याने संस्कृतात आणली आणि तिला 'रेखागणित' हे नाव दिले. टॉलेमीचा ग्रंथही त्याने अरबीतूनच संस्कृतात उतरवला. ग्रीकांचा अवयव, अरबांच्या घरी वाढलेला, संस्कृताच्या देहात बसवायचा म्हणजे केवढे मापाचे काम! प्रत्येक संज्ञेसाठी त्याला स्वतंत्र बुश बनवावे लागले असणार. ते सारे पुढे किती हलले, किती गंजून गेले, हा वेगळा आणि फारसा सुखाचा नसलेला विषय आहे.

आणि जयपूरचे नाव ज्या अवयवामुळे जगभर गेले, त्याच्याकडे आल्यावाचून राहवत नाही. रामचंद्र शर्मा हे शालेय शिक्षण जेमतेम झालेले कारागीर आणि सवाई मानसिंग रुग्णालयातले अस्थिशल्यविशारद डॉ. पी. के. सेठी यांच्या सहकार्यातून १९६८ च्या सुमारास जयपूर फूट हा कृत्रिम पाय आकाराला आला. सांगतात, की सायकल पंक्चर झाली म्हणून शर्माजी एका दुकानात थांबले असताना ट्रकच्या टायरवर तापवून रबर चढवताना त्यांनी पाहिले, आणि पाय त्या रबराचा होऊ शकेल हे त्यांच्या मनात आले. त्याआधीचे पाश्चात्त्य कृत्रिम पाऊल बुटात घालून सपाट फरशीवर चालणाऱ्यासाठी घडवलेले होते. इथल्या माणसाला उकिडवे बसायचे होते, मांडी घालायची होती, अनवाणी शेताच्या बांधावरून जायचे होते; आणि त्यासाठी घोटा सर्व बाजूंना थोडा थोडा वळणे भाग होते. १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो पाय फुकट बसवायला सुरुवात केली. सेठींना १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नर्तकी सुधा चंद्रन याच पायावर पुन्हा नाचल्या, हे आपल्या पिढीला सांगायला नको. त्या कीर्तीत शर्माजींचे नाव मात्र नेहमीच थोडे मागच्या ओळीत राहिले, आणि पुण्याच्या त्या कुंभाराचे तर उरलेच नाही. आपल्याकडे सांधा जोडणाऱ्याचे श्रेय असेच झिजते.

संध्याकाळी चिमटा लेथवरून परत आला तेव्हा मी पुन्हा तिथे होतो. या खेपेला दांडा हाताने ढकलून जाईना. लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हातोडीने तो आत बसवावा लागला, आणि बसल्यावर चिमटा आपल्याच वजनाने सावकाश खाली आला, मधे कुठेही न अडखळता. चाक चढले. मग उस्तादांनी एक लांब सुतळी मागच्या टायरभोवती टाकून तिची दोन्ही टोके दोन बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत ताणली आणि पुढच्या टायरपासून दोन्हीकडच्या सुतळीचे अंतर बोटांनी पाहिले. डावीकडे बोट सहज गेले, उजवीकडे अडले. चेनच्या ताणाचे नट पुन्हा सैल झाले. हे तीनदा झाले, की चारदा. शेवटी दोन्हीकडे बोट सारखेच गेले, तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

तुमच्याही गाडीला दुसरीचा चिमटा बसवायचे मनात असेल, तर आधी परिवहन कार्यालयात विचारा. आणि परवानगी मिळालीच, तर चिमटा भंगारातला चालेल. पैसे बुश आणि लेथवर खर्च करा, आणि सुतळी धरली जात असताना स्वतः तिथे उभे राहा.