दोन चुकांमधला दोरा

लाकडात ठोकायच्या बारीक खिळ्याला आपल्याकडे ‘चूक’ म्हणतात, आणि माणसाच्या हातून जे घडू नये ते घडते त्यालाही ‘चूक’च म्हणतात. इतकी वर्षे मुलांना मराठी शिकवली, दोन-चार कादंबऱ्याही लिहिल्या. पण या दोन शब्दांचे नाते मला उमगले ते गेल्या दिवाळीत, हाती हातोडी धरल्यावर.

झाले असे, की कार्यानुभवाच्या तासाला आमच्या शाळेतली मुले फळीवर चुका ठोकून त्यांवरून रंगीत दोरा ओढत होती. ‘स्ट्रिंग आर्ट’ म्हणतात त्याला. मनात आले, यंदा भाऊबीजेला ताईला आपल्या हातचे काही द्यावे. ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. कामट्यांचा आकाशकंदील बांधताना सुताची गाठ कशी मारावी, हे मला तिनेच शिकवलेले. दरवर्षी बाजारातली साडी तिच्या ताटात टाकून मोकळा होणारा मी एकाएकी कलावंत झालो.

फणसाची फूटभर चौरस फळी घेतली, तिच्यावर काळे कापड ताणले. मधोमध अधिक चिन्हासारख्या चार भुजा आखल्या आणि प्रत्येक भुजेवर अर्ध्या अर्ध्या इंचावर दहा चुका ठोकल्या. पहिल्या पाच वाकल्या, सहावी अंगठ्याने वाचवली! मग दोरा. एका भुजेवरची मध्यापासूनची पहिली चूक शेजारच्या भुजेवरच्या दहावीला जोडायची, दुसरी नववीला, तिसरी आठवीला. दोरा सैल सोडला की लोंबतो, फार ओढला की चूक कलते. पण दहा दोरे झाले आणि मी चकित झालो. ओढलेली प्रत्येक रेघ सरळ होती, तरी डोळ्यांपुढे एक रेखीव वक्र उभा होता! चारही कोपरे भरले तेव्हा फळीवर चांदणी उमटली.

ही युक्ती मुलांच्या हाती देणारी बाई इंग्रज, मेरी एव्हरेस्ट बूल. १८३२ ते १९१६ हा तिचा काळ. ज्याच्या नावाने आपण त्या उंच शिखराला ओळखतो, तो भारताचा सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट तिचा काका. पुठ्ठ्याला भोके पाडून त्यांतून मुलांनी दोरा ओवावा आणि वक्राची ओळख बोटांना आधी, बुद्धीला मागाहून व्हावी, असा तिचा विचार होता. माझ्याही बाबतीत तसेच घडले. बोटांना आधी कळले, बुद्धीला उशिरा.

कारण फळी पुरी करून मी ती भिंतीला टेकवली, आणि एक प्रश्न माझ्यापुढे येऊन बसला. हे मी कोणासाठी केले?

हाताने केलेल्या भेटीची थोरवी आपण सारेच गातो. तीत मायेचा ओलावा असतो, हे खरेच. पण त्या चार संध्याकाळी मी ताईचा विचार किती केला आणि ती काय म्हणेल याचा किती? शिवाय विकतच्या साडीला ती नावे ठेवू शकते, दुकानात जाऊन बदलून आणू शकते. हातच्या वस्तूला नावे कशी ठेवायची? अशी भेट घेणाऱ्याचे तोंड गोड करते, तसे ते बंदही करते. मार्सेल मोस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवले आहे, की भेट वरवर कितीही खुशीची असो, तिच्यामागे देण्याचे, घेण्याचे आणि फेडण्याचे बंधन असते. मग माझ्या चांदणीने मी काय फेडू पाहत होतो?

उत्तर मला ठाऊक होते. वडील गेले तेव्हा घर आणि मागची हापूसची कलमे माझ्या नावावर झाली. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे; त्या दिवशी वडील हयात नसले तरी तो बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितले. पण कायद्याने दिलेले आपण रीतीने परत घेतो. ताईने हक्कसोडपत्रावर सही केली. मी जबरदस्ती केली नाही. नुसता कागद पुढे सरकवला. ‘माहेर तुटायला नको रे बाबा,’ एवढेच ती म्हणाली. मी त्याला तिचा मोठेपणा म्हटले. दुसऱ्याच्या त्यागाला मोठेपणा म्हणणे किती स्वस्त असते!

पाडवा उलटला, भाऊबीज आली. ताईने ओवाळले. मी फळी पुढे केली. तिने ती दिव्याजवळ धरली, दोऱ्यांवरून हळूच बोट फिरवले आणि हसून म्हणाली, ‘‘छानच केलीस हो! पण चुका वर दिसतायत रे. जरा आत ठोकायच्या होत्यास.’’

तिच्या मनात दुसरे काही नव्हते. माझ्या मनात होते.

भेट आणि देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढेच मला यातून समजले. जे आपले आहे ते प्रेमाने द्यावे, ती भेट. जे दुसऱ्याचेच आहे ते कितीही सजवून, स्वतः राबून दिले, तरी भेट होत नाही. आणि त्याच्याऐवजी दुसरेच काही सुंदर दिले, तर ती भेट नव्हे, पांघरूण. म्हणून हातच्या भेटी देऊ नयेत असे नाही. खुशाल द्याव्यात, पण देणे आधी चुकते करावे. मग चांदणी नुसती चांदणी राहते.

यंदाच्या भाऊबीजेला ताटात साडी नाही, फळी नाही. अर्ध्या कलमांचा नोंदवलेला कागद आहे. एकदा सोडलेला हक्क परत द्यायचा तर निराळा दस्त करावा लागतो, आणि आमच्या कागदाच्या माथ्यावर ‘बक्षीसपत्र’ असे लिहिले आहे. तो शब्द वाचताना मला अजून लाज वाटते.

चुका राहिल्याच आहेत. दोरा मात्र आता ताठ आहे.