घड्याळाला किल्ली कोण देणार?

1715 मध्ये लायब्निट्झने वेल्सची राजकुमारी कॅरोलाइन हिला पत्र लिहिलं आणि त्यात न्यूटनच्या देवाची चक्क टर उडवली. ग्रहांच्या परस्परांवरच्या ओढीमुळे सूर्यमालेत बारीकसारीक बिघाड साचत जातील आणि कधीतरी ती पुन्हा ताळ्यावर आणावी लागेल, असं न्यूटनने ‘ऑप्टिक्स’मध्ये सुचवलं होतं. आपल्याच घड्याळाला अधूनमधून किल्ली द्यावी लागणारा देव, हा कसला कारागीर? न्यूटनच्या बाजूने सॅम्युएल क्लार्कने उत्तर दिलं: जग देवाच्या देखरेखीवाचून आपोआप चालतं म्हटलं, की देवच जगाबाहेर जातो. 1716 मध्ये लायब्निट्झ गेला आणि पत्रापत्री तिथेच थांबली.

पुढे हाच पेच हवामानशास्त्रज्ञांपुढे उभा राहिला, तोही त्यांच्या ध्यानीमनी नसताना.

वातावरणाची आंशिक विकलक समीकरणं कागदावर सुटत नाहीत. म्हणून हवेवर जाळी कल्पायची आणि तिच्या गाठींवरचे आकडे थोड्याथोड्या वेळाने पुढे सरकवायचे. 1956 मध्ये नॉर्मन फिलिप्सने असं अख्खं वातावरण संगणकावर चालवलं. वारे, वादळं, सगळं खऱ्यासारखं उमटलं. पण गणितातला महिनाभर उलटतो न उलटतो तोच ऊर्जा भलतीच वाढून हिशेब कोलमडला. कारण त्यालाच सापडलं. जाळीत न मावणाऱ्या बारीक लाटा तिला मोठ्या लाटा भासतात आणि ऊर्जा चुकीच्या खात्यात जमा होत राहते. 1959 मध्ये त्याने उपाय केला: ठरावीक वेळाने सगळ्यात बारीक लाटा पुसून टाकायच्या. हा तर न्यूटनचा देव!

लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या अकिओ अराकावाला ही पुसापुशी पटली नाही. वारा हवेच्या गिरक्यांना वाहून नेतो, हे सांगणारं पद जाळीवर तीन तऱ्हांनी मांडता येतं. कागदावर, अखंड हवेत, तिन्ही एकच. जाळीवर मात्र त्यांतलं एकही सगळा हिशेब सांभाळत नाही. अराकावाने तिन्हींची सरासरी घेतली, आणि ऊर्जेची बेरीजही टिकली, गिरक्यांच्या वर्गांची बेरीजही. मग ऊर्जा बारीक लाटांकडे बेबंद धावूच शकत नाही. 1966 चा हा निबंध. बाहेरून हात लावायचं काम उरलं नाही. शिस्त नियमाच्या घडणीतच आली.

लायब्निट्झ खूश झाला असता, पण त्याला विजयी घोषित करायची घाई नको. बेरजा टिकल्या म्हणून अमुक दिवशी अमुक ठिकाणी ढग येईल, याची हमी मिळत नाही. शिवाय सगळंच टिकवता येत नाही. ग्रहगतीसारख्या प्रश्नांत समान पावलांनी जाणारी रीत गतीची भूमिती आणि ऊर्जा दोन्ही तंतोतंत राखू लागली, तर ती रीत म्हणजे जवळपास अचूक उत्तरच असावं लागतं, असं 1988 मध्ये गे आणि मार्सडन या गणितज्ञांनी दाखवलं. म्हणजे काय राखायचं आणि काय सोडायचं, हे आधी कोणीतरी ठरवतंच. क्लार्कचा कारागीर गेला नाही. त्याने आपलं काम सुरुवातीलाच उरकलं, एवढंच.

आणि सूर्यमालेचं? 2009 मध्ये जाक लास्कार आणि मिकाएल गास्तिनो यांनी भूमिती राखणाऱ्या रीतीनेच तिची 5 अब्ज वर्षांची वाटचाल 2501 वेळा मोजली. दर वेळी बुधाची सुरुवात मिलिमीटरहूनही कमी अंतराने सरकवून. सुमारे 1 टक्का वेळा बुधाची कक्षा इतकी लांबट झाली की तो शुक्रावर किंवा सूर्यावर आदळू शकतो.