घर विकून औषध घ्यावे काय?

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आयुष्यभर राबून एखाद्याने दोन खोल्यांचे घर उभे केले आणि त्याला जठराचा कर्करोग झाला. तोही सर्वत्र पसरल्यावर कळला. मुले घर विकून महागडे औषध देऊ पाहतात. न विकल्यास ती गुन्हेगार ठरतात काय?

उपचार करा, वार्धक्याखेरीज प्रत्येक व्याधीला अल्लाहने औषध ठेवले आहे, हा प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या एका हदीसचा आशय. तरीही अपस्माराने पीडित स्त्रीला त्यांनी दुआ व सब्र यांतून निवड करू दिली. तिने सब्र निवडला. म्हणून बहुतेक फुकहांनी उपचार सरसकट वाजिब मानलेला नाही. इमाम गझाली यांनी साधनांच्या तीन पायऱ्या सांगितल्या: तहानेला पाण्यासारखे निश्चित, वैद्याच्या औषधासारखे संभाव्य आणि निव्वळ काल्पनिक. निश्चित साधन सोडून मरणे हा तवक्कुल नव्हे.

हे औषध कोणत्या पायरीवर, याचे उत्तर रुग्णाच्या गाठीत आहे. अशा साधारण पाचांपैकी एका रुग्णाच्या गाठीत हर-टू जनुकाच्या प्रती वाढून पेशींवर त्याच नावाचे प्रथिन दाटते. ट्रास्टुझुमॅब त्यालाच अडवते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, २४ देशांतील चाचणीत केमोथेरपीला त्याची जोड दिल्यावर मध्यक आयुर्मान ११.१ वरून १३.८ महिन्यांवर गेले. (मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगले; ती कुणाच्या मृत्यूची तारीख नव्हे.) गाठीत हा दोष नसेल तर हेच औषध काल्पनिक ठरते आणि त्यासाठी घर विकणे मला उधळपट्टीच वाटते. तेव्हा तपासणीआधी गिऱ्हाईक शोधू नये. भारतात २०१४ पासून स्वदेशी, तुलनेने स्वस्त आवृत्तीही मिळते. तिची चौकशी करावी.

आजारी असताना सर्व संपत्ती दान करू पाहणाऱ्या हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) एक तृतीयांशावर थांबवले, वारसांवर हात पसरण्याची वेळ येऊ नये म्हणून. ही मर्यादा वसीयतीची आहे, स्वतःवरील उपचारांची नव्हे. पण ती काळजी येथेही विचारात घ्यावी लागते, आणि ती घ्यायची रुग्णाने, कारण घर त्याचे आहे. आपल्याकडे मात्र त्याला ‘अल्सर आहे’ असे सांगून मुलेच व्यवहार उरकतात. ज्याला आजारच ठाऊक नाही, तो सब्र कसला करणार, देणी कशी फेडणार? अहवाल हाती येताच त्याच्याजवळ बसून हर-टू आहे की नाही, आशा किती महिन्यांची आणि खर्च किती, हे सांगावे. मग त्याला बोलू द्यावे.