परतीचे तिकीट

फराळाचे डबे भरून झाले, की आपल्या घराघरांतून दुसरी एक बोलणी सुरू होतात. या सुट्टीत कुठे जायचे? पूर्वी हा प्रश्न पडत नसे. सुट्टी लागली की आजोळी जायचे, इतके साधे होते. आजोळाला कोणी प्रेक्षणीय स्थळ म्हणत नसे आणि तिथे पाहण्यासारखे काय आहे, असेही कोणी विचारत नसे. आता आजोळच बहुधा शहरातल्या तिसऱ्या मजल्यावर असते. तेव्हा आपण समुद्र पाहायला निघतो.

समुद्र पाहणाऱ्यांसाठी रत्नागिरी हे मोठे सोयीचे गाव. सकाळी उन्हाआधी रत्नदुर्गावर जावे. घोड्याच्या नालेसारखा वळलेला हा किल्ला. बालेकिल्ल्यात भगवतीचे देऊळ, दुसऱ्या टोकाला दीपगृह. वाळूच्या रंगावरून गावकऱ्यांनी एका बाजूला पांढरा समुद्र म्हटले आहे, मांडवीकडच्याला काळा. समुद्राचीही जात वाळूवरून ठरवावी, हे आपल्या लोकांना शोभण्यासारखेच आहे! मग टिळकांचे जन्मघर, पतितपावन मंदिर. दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या वळणांवरून गणपतीपुळे, पुढे मालगुंडला केशवसुतांचे घर. संध्याकाळी थिबा पॉइंट. खाली भाट्याची खाडी, माडांच्या रांगा, खाडीपलीकडे लांबवर गेलेली पुळण आणि पश्चिमेला पाण्यात उतरणारा सूर्य. घरी परतल्यावर आपण म्हणतो, "रत्नागिरी झाली." जेवण झाले, आंघोळ झाली, तशी रत्नागिरी झाली.

या 'झाली'पाशी माझे मन अडते. त्याला कारण तो थिबा राजा.

ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. 1885 साली इंग्रजांनी मंडाले घेतले, त्याला गादीवरून उतरवले, राणीसह बोटीत बसवले आणि मद्रासमार्गे 1886 साली रत्नागिरीला आणून ठेवले. तेव्हा त्याचे वय सत्तावीस. आधी तो बंगल्यांत राहिला; आज आपण ज्याच्या आवारात फोटो काढतो तो राजवाडा 1910 साली पुरा झाला आणि त्यात त्याला जेमतेम सहा वर्षे मिळाली. 1916 च्या डिसेंबरात तो वारला. तीस वर्षे त्याने हाच समुद्र पाहिला. त्याचा देहसुद्धा मायदेशी गेला नाही. त्याची समाधी रत्नागिरीतच आहे. आणि दैवाची ही तऱ्हा पाहा, की त्याआधी सत्तावीस वर्षे, 1858 साली, त्याच इंग्रजांनी दिल्लीच्या बहादुरशहाला हिंदुस्थानातून उचलून रंगूनला नेऊन ठेवले होते. तोही तिथेच मेला, तिथेच पुरला गेला. इकडचा बादशहा तिकडे आणि तिकडचा राजा इकडे.

एकदा शाळेची सहल घेऊन मी या राजवाड्यात गेले होते. लाकडी नक्षीच्या अर्धगोल खिडक्यांखाली मुलांना वरची हकिकत सांगितली. मला वाटले, मुले गंभीर होतील. सातवीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, म्हणजे राजाला तीस वर्षं सुट्टीच होती!" वर्ग हसला. मी त्याला गप्प केले नाही, कारण त्याचे म्हणणे खोटे पाडणे वाटते तितके सोपे नव्हते. राहायला राजवाडा, सरकारकडून तनखा, हाताशी नोकरचाकर, कामाचा ताप नाही, समोर असा समुद्र की जो दोन दिवस मिळावा म्हणून आपण वर्षभर पैसे साठवतो. मग त्याच्याजवळ नव्हते ते काय? जे माझ्या पर्समध्ये बत्तीस मुलांच्या नावाने होते ते. परतीचे तिकीट.

समुद्र एकच, सूर्यास्तही तोच. आपल्याला तो सुंदर दिसतो, कारण परवा आपण तिथे नसणार. 'दुरून डोंगर साजरे' म्हणतात. पण दूर असण्यापेक्षाही, आपल्या मर्जीने दूर जाता येणे, यात ती सारी साजरेपणाची किमया आहे. हे एकदा लक्षात आले, की प्रश्न उभा राहतो. दुसऱ्याच्या बंदिवासाच्या जागेवर उभे राहून आपण सूर्यास्ताची मौज लुटावी का? भाजलेले दाणे खात, मुलांना खांद्यावर घेऊन?

याचे एक उत्तर सरळ आहे. थिबा काही साधुपुरुष नव्हता. तो गादीवर आल्यानंतर 1879 साली मंडालेच्या राजवाड्यात त्याच्या कितीतरी भावाबहिणींची कत्तल झाली. त्यात राणी आणि तिची आई यांचा हात होता की त्याचा, हा वाद इतिहासकारांचा. अशा माणसासाठी गळा काढायचे कारण काय? मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. कणव ही काही चारित्र्याचा दाखला तपासून द्यायची गोष्ट नव्हे. शिवाय इंग्रजांनी त्याला पकडले ते त्या भावाबहिणींना न्याय मिळावा म्हणून नव्हे. त्यांना ब्रह्मदेश हवा होता.

दुसरे उत्तर थोडे पोक्त आहे. जागा कुणा एकाच्या दुःखाला कायमची आंदण दिलेली नसते. ज्या ज्या ठिकाणी कोणी रडले तिथे तिथे हसायचे नाही असे ठरवले, तर आपल्या देशातल्या एकाही किल्ल्यावर मुलांना नेता येणार नाही. हे मला पटते. हसू नये असे मी म्हणतच नाही. माझी तक्रार 'झाली' या शब्दापुरती आहे.

याच गावात आणखी एक माणूस बांधला गेला होता. सावरकरांना 1924 ते 1937 रत्नागिरी जिल्ह्याच्या हद्दीत स्थानबद्ध करून ठेवले होते. राजकारण करायचे नाही, हद्द ओलांडायची नाही. त्यांच्या इतर मतांशी कोणाचे जमो वा न जमो, या तेरा वर्षांत त्यांनी गावाकडे पाहिले ते आपल्यासारखे नव्हे आणि थिब्यासारखेही नव्हे. देवळाच्या पायरीवर कोणाला अडवले जाते, हे त्यांनी पाहिले. 1931 साली भागोजीशेठ कीरांनी पतितपावन मंदिर उभे केले, जिथे कोणत्याही जातीच्या माणसाने गाभाऱ्यापर्यंत जावे. सहलीच्या यादीत हे देऊळ दहा मिनिटांचे आहे. त्याच्या रचनेत डोळ्यांत भरण्यासारखे फारसे काही नाही, असे आमच्या एका सहशिक्षिकेने त्या दिवशी म्हटले, आणि डोळ्यांपुरते ते खरेच होते.

पण राजे आणि पुढारी यांच्याविषयी वाईट वाटणे त्या मानाने सोपे असते. त्यांची नावे पाटीवर असतात. मिरकरवाड्याच्या बंदरावर पाट्या घेऊन बसलेल्या बाया मला आठवतात. होड्या लागलेल्या, मासळीचा लिलाव चाललेला, आणि या बायकांची पाठ समुद्राकडे. त्यांना समुद्र पाहायचा नसतो. गिऱ्हाईक पाहायचे असते. आमच्या मुलांनी नाकाला रुमाल लावले तेव्हा त्यांतली एक बाई मोकळेपणी हसली.

आणि त्यांच्याहून मोठा जमाव आहे तो या देखाव्यात नसणाऱ्यांचा. कोकणच्या घरोघरचा मुलगा मिसरूड फुटते न फुटते तोच बोटीत बसून मुंबईला गेला. गिरणीत लागला, परळ-लालबागच्या चाळीत दहाजणांत झोपला, घरी मनिऑर्डर पाठवत राहिला. त्याला हद्दपारीचा हुकूम कोणी दिला नव्हता. दोन गुंठ्यांची भाताची शेती आणि चार भाऊ, एवढा हुकूम पुरला. थिब्याला जाता येत नव्हते. याला राहता येत नव्हते. गणपतीत नि शिमग्यात तो येई, आणि आपल्याच घराच्या पडवीत पाहुण्यासारखा बसून आपलाच माड पाही. 1998 साली कोकण रेल्वे पुरी सुरू झाली, बोटी इतिहासजमा झाल्या, गिरण्याही गेल्या. पण गणपतीच्या गाड्यांची आरक्षणे अजून पाहता पाहता भरतात. चाकरमान्याच्या खिशातही परतीचे तिकीट असते. मात्र त्याचे तिकीट घराकडचे नसते, घरापासून दूर नेणारे असते. आपण ज्याला 'किती शांत, किती सुंदर गाव' म्हणतो, त्या शांततेत याच्या न बोलण्याचा वाटा किती, हे मला कधी मोजता आलेले नाही.

2012 साली म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला येऊन थिब्याच्या समाधीपुढे उभे राहिले. वर्तमानपत्रांत त्याचे फोटो आले. माझ्या मनात मात्र त्या घराण्यातली दुसरीच व्यक्ती राहिली आहे. थिब्याची थोरली मुलगी रत्नागिरीतच वाढली. राजवाड्यात नोकरीला असलेल्या एका मराठी माणसाशी तिचा जीव जडला. तिला त्याच्यापासून मुलगी झाली. 1919 साली राजकुटुंबाला ब्रह्मदेशी परतण्याची मोकळीक मिळाली. आई गेली, बहिणी गेल्या. ही गेली आणि पुन्हा रत्नागिरीला आली. या वेळी तिला कोणी बोटीत बसवले नव्हते. हे सुख म्हणावे की दुसरा बंदिवास, मला ठरवता येत नाही. तो माणूस विवाहित होता, आणि तिचे पुढचे दिवस हालाखीचे गेले. 1947 साली ती इथेच वारली. तिची मुलगी इथेच नांदली, तिचा संसार झाला, मुलेबाळे झाली. मराठी बोलत ती चारचौघींत मिसळून गेली आणि 2000 साली गेली. रत्नागिरीच्या सहलीच्या कोणत्याही यादीत मला तिचे घर आढळलेले नाही.