‘शू’चे माप

चिनी लिपीतल्या ‘शू’ या अक्षरात खाली हृदय आहे आणि वर ‘रू’, म्हणजे ‘सारखे’. हान काळातल्या श्यू शनने इ.स. 100 च्या सुमारास रचलेल्या कोशात हा वरचा भाग केवळ उच्चारासाठी आहे असे मानले आणि अक्षराचा अर्थ एका शब्दात दिला: ‘रन’, माणुसकी. पुढच्या पंडितांना मात्र त्या ‘रू’तच अर्थ दिसला. आपले मन जसे, तसे समोरच्याचे.

आजच्या चिनी भाषेत ‘शू’ मुख्यतः क्षमेच्या शब्दांत भेटतो. जुन्या ग्रंथांत तो इतका सौम्य नाही. जन्मभर पाळावा असा एकच शब्द कोणता, असे त्सकुंग या शिष्याने विचारले तेव्हा कन्फ्यूशियसने हाच शब्द दिला: स्वतःला नकोसे ते दुसऱ्याच्या माथी मारायचे नाही. ऐकायला किती सोपे! पण हेच आपण पाळू पाहतो असे त्सकुंग एकदा म्हणाला, तेव्हा ते अजून तुझ्या आवाक्यातले नाही, असे गुरूंनी त्याला स्पष्ट सांगितले. आणि हा शिष्य साधासुधा नव्हता. बोलण्यात तरबेज, व्यापारात यशस्वी, इ.स.पू. 479 मध्ये गुरू गेल्यावर त्यांच्या समाधीपाशी सहा वर्षे राहिलेला.

‘शुन्त्झ’ या ग्रंथात कन्फ्यूशियसच्या तोंडी ‘शू’च्या तीन कसोट्या आहेत. राजाची सेवा स्वतःला जमत नाही, पण हाताखालच्यांनी मुकाट ऐकावे. आईवडिलांचे ऋण फेडले नाही, पण मुलांनी आपले पांग फेडावेत. थोरल्या भावाला मान दिला नाही, पण धाकट्याने तो आपल्याला द्यावा. असे वागणाऱ्यापाशी ‘शू’ नाही. क्षमेचा इथे उल्लेखही नाही. सगळा हिशोब मागणाऱ्याकडेच मागितला आहे.

अकराव्या शतकात फान छुनरन या मंत्र्याने घरच्या तरुणांना शिकवले, की इतरांना जसा दोष देता तसा स्वतःला द्या, आणि स्वतःला जसे माफ करता (इथे शब्द ‘शू’च) तसे इतरांना करा. हे वचन फार लोकप्रिय झाले. झू शी या तत्त्वज्ञाने (1130–1200) त्यातला सद्भाव मान्य केला, पण दुसऱ्या भागावर नेमके बोट ठेवले: ‘शू’ स्वतःला लावताच येत नाही. मला हे मनोमन पटते. स्वतःचा संताप पोटात घालणारा बाप मुलाचाही संताप पोटात घालतो; घरात शांतता राहते, पण दोघेही होते तिथेच राहतात. ‘चुंग-युंग’ ग्रंथात ‘शू’ येतो तिथे टीका लिहिताना झू शीने चांग त्साई या आधीच्या विचारवंताचा आधार घेतला. चांग त्साई सांगतो ते स्वतःवर जशी माया करतो तशी दुसऱ्यावर करायला. खरी माया असली तर बाप आधी स्वतःचा संताप आवरायला शिकेल, आणि मुलालाही ते जमावे म्हणून धडपडेल.